मासळीचे कूळ ओळखा : बोरी-तापीच्या पाण्यातील कार्प व मार्जारमीन

वैशाखात अमळनेर येथे बोरी नदीच्या वाळवंटात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते, तेव्हा नदीला पाणी बेताचेच असते. पुढे मृगाच्या व आर्द्राच्या सरी कोसळतात, नाले-ओहोळ वाहू लागतात आणि नदीला गढूळ पाण्याचा लोंढा येतो. त्या नव्या पाण्याबरोबर मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढू लागतात. भोई बांधव जाळी घेऊन पाण्यात उतरतात आणि बाजारात मासळीच्या पाट्या दिसू लागतात. एकाच पाटीत चांदीसारख्या खवल्यांचे मासे असतात, बुळबुळीत अंगाचे व लांब मिशांचे मासे असतात, आणि वाळूच्या रंगाची बोटाएवढी बारीक मासळीही असते. गिऱ्हाईक ही सारी ‘नदीची मासळी’ म्हणून घरी नेतो.

खाणाऱ्याचे एवढ्या ओळखीवर भागते. पाळणाऱ्याचे मात्र भागत नाही. शेततळ्यात मासे सोडू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याने आपण सोडतो तो मासा कोणत्या कुळातील आहे, तो काय खातो, कोठे अंडी घालतो आणि दुसऱ्या माशास खाऊन टाकतो की काय, हे आधी जाणून घेतले पाहिजे. गाय विकत घेताना जो शेतकरी तिचे शिंग, कास व चाल पाहिल्यावाचून पैसे मोजीत नाही, तोच मत्स्यबीज घेताना डोळे मिटून पिशवी उचलतो, असे पुष्कळदा दिसून येते. माशांचे वर्गीकरण हा केवळ विद्वानांचा विषय नसून तळ्याच्या नफ्या-तोट्याशी व नदीच्या आरोग्याशी त्याचा निकट संबंध आहे, हे पुढील विवेचनावरून लक्षात येईल.

अस्थिमत्स्यांचा एक मोठा परिवार

माशांचे स्थूलमानाने दोन मोठे वर्ग ध्यानात ठेवावेत. मुशी, पाकट यांसारख्या समुद्रातील माशांचा सांगाडा कूर्चेचा असतो. रोहू, मरळ, पापलेट, बांगडा इत्यादी बहुतेक परिचित माशांचा सांगाडा हाडांचा असल्यामुळे त्यांस अस्थिमत्स्य म्हणतात. जगात अस्थिमत्स्यांच्या तीस हजारांहून अधिक जाती शास्त्रास ज्ञात आहेत. म्हणजे पाठीचा कणा असलेल्या सर्व प्राण्यांत जवळजवळ निम्मा वाटा त्यांचाच आहे.

या अफाट समुदायात एक परिवार असा आहे की, नदी, नाला, तलाव व विहीर यांतील बहुसंख्य मासे त्याच्याच पोटी येतात. शास्त्रज्ञ त्यास ऑस्टॅरिओफायसी असे म्हणतात. हा शब्द ग्रीक असून ‘लहान हाड’ व ‘पिशवी’ या दोन शब्दांपासून बनला आहे. या परिवारात दहा हजारांहून अधिक जाती असून गोड्या पाण्यातील माशांच्या निम्म्याहून पुष्कळ अधिक जाती यातच मोडतात. महाराष्ट्राने 2023 मध्ये राज्य मासा म्हणून घोषित केलेला पापलेट हा समुद्राचा मासा या परिवारातला नव्हे. परंतु खानदेशातील शेतकऱ्याच्या तळ्यात जे मासे वाढतात, ते बहुतेक याच परिवाराचे असतात.

कानाशी जोडलेली हाडे

या परिवाराचे नाव ज्या हाडांवरून पडले, त्यांचा शोध जर्मन शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट हाइनरिख वेबर यांनी 1820 मध्ये प्रसिद्ध केला. माशाच्या पोटात हवेने भरलेली एक पिशवी असते. तिला वाताशय म्हणतात. या पिशवीमुळे मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगत राहू शकतो. या परिवारातील बहुसंख्य माशांत मानेलगतच्या पहिल्या काही मणक्यांचे भाग सुटे होऊन त्यांची बारीक हाडांची एक साखळी बनलेली असते. ही साखळी वाताशयास आतल्या कानाशी जोडते. पाण्यातील आवाजाने वाताशय ढोलकीच्या कातड्याप्रमाणे थरथरते व ती थरथर हाडांच्या साखळीवाटे कानापर्यंत पोहोचते. त्यामुळे इतर पुष्कळ माशांपेक्षा या माशांस आवाज अधिक चांगला ऐकू येतो.

याचा व्यवहारात उपयोग होतो. रोज ठराविक वेळी, ठराविक जागी खाद्य टाकण्यापूर्वी डबा वाजविण्याची सवय ठेवली, तर कार्प जातीचे मासे काही दिवसांत त्या आवाजास ओळखू लागतात व खाद्यासाठी जमतात. खाद्य वाया जात नाही आणि माशांची प्रकृती व वाढ डोळ्यांखाली राहते.

या परिवाराचा दुसरा एक गुण कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञांनी 1938 मध्ये दाखवून दिला. कळपातील एखाद्या माशाची कातडी फाटली, तर तीतून एक द्रव्य पाण्यात मिसळते व त्याच्या वासाने बाकीचे मासे भयभीत होऊन पळतात. यास्तव तळ्यात वारंवार जाळे ओढून व मासे आपटून त्यांस जखमी करणे, हे एका माशाचेच नव्हे तर साऱ्या कळपाचे नुकसान होय.

पाच गण

या परिवाराचे पाच गण मानले जातात. पहिल्यात खाऱ्या व निमखाऱ्या पाण्यात वाढणारा चॅनोस व त्याचे आप्त येतात. यांच्यात हाडांची साखळी अपुरीच बनलेली असते. दुसरा गण कार्प व त्यांच्या आप्तांचा असून त्यात चार हजारांहून अधिक जाती आहेत. तिसऱ्या गणाचे मासे आफ्रिका व अमेरिका खंडांतील आहेत. तीक्ष्ण दातांचा पिरान्हा त्यांपैकीच, आणि आपल्याकडे बाजारात ‘रूपचंद’ नावाने मिळणारा परदेशी मासाही त्याच गणातील होय. चौथा गण मिशाळ माशांचा, म्हणजे मार्जारमीनांचा. त्यात साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत. पाचवा गण दक्षिण व मध्य अमेरिकेतील विद्युत् निर्माण करणाऱ्या माशांचा आहे.

भारताच्या नद्यांत मूळचे राहणारे गण यांपैकी दोनच : कार्प व मार्जारमीन. बोरी, पांझरा, गिरणा, अनेर व तापी यांच्या पाण्यातील मासळीची ओळख करून घ्यावयाची, तर मुख्यतः या दोन गणांच्या खुणा पाठ कराव्यात.

खवल्यांचा गण

कार्प व त्यांचे आप्त यांच्या जबड्यात दात नसतात. दात असतात ते घशात, कल्ल्यांच्या मागे. खाद्य तेथे चिरडले जाते. बहुतेकांचे अंग खवल्यांनी झाकलेले असते व डोक्यावर मात्र खवले नसतात. मिशा असल्या तर बहुधा आखूड व एक-दोन जोड्याच असतात. तोंडाची ठेवण पाहिली की माशाचे अन्न कळते, हा या गणातील मोठा सोयीचा नियम आहे.

कटल्याचे डोके मोठे, खालचा जबडा पुढे आलेला व तोंड वर वळलेले असते. त्याला मिशा नसतात. तो पाण्याच्या वरच्या थरातील सूक्ष्म प्राणी खातो. रोहूचे तोंड किंचित खाली वळलेले, ओठ झालरीसारखे असून तो मधल्या थरात चरतो. मृगळाचे तोंड रुंद व ओठ पातळ असून तो तळाशी कुजलेला पालापाचोळा व सेंद्रिय गाळ खातो. एकाच तळ्यात तिघे तीन मजल्यांवर राहतात व एकमेकांच्या ताटात हात घालीत नाहीत. शेतात ज्वारीबरोबर तूर पेरावी, त्यातलाच हा प्रकार होय.

याच गणात महसीरासारखा मोठ्या खवल्यांचा बलवान मासा येतो, व त्याच गणात वाळूत अंग पुरून बसणारी बोटाएवढी मुरीही येते. दगडी ओढ्यांत हनुवटीखालच्या चकतीने दगडाला चिकटून राहणारे लहान मासेही याच गणातले. आकाराने इतका फरक असला, तरी कानाजवळची हाडे व घशातील दात त्यांचे नाते सांगतात.

मिशांचा गण

मार्जारमीनांच्या अंगावर खवले नसतात. कातडी गुळगुळीत व बुळबुळीत असते. मिशा पुष्कळांना चार जोड्यांपर्यंत असतात व गढूळ पाण्यात त्या चाचपण्याच्या व चव घेण्याच्या कामी येतात. पुष्कळांच्या पाठीवरील व कल्ल्यामागील परांत कठीण काटा असतो. शिंगीचा काटा विषारी असून तो लागल्यास तीव्र वेदना होतात. शिवडा हा रुंद तोंडाचा मोठा शिकारी मासा, लांब मिशांचा शिंगाळा, तसेच मागूर व शिंगी हे सर्व याच गणाचे.

मागूर व शिंगी यांस कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याची वेगळी इंद्रिये असतात. त्यामुळे पाणी आटले, खराब झाले तरी ते पुष्कळ वेळ तग धरतात व बाजारात जिवंत विकता येतात. परंतु या गणातील बहुतेक मासे मांसाहारी असतात. शिवड्याचे एक पिलू बोटुकल्यांच्या तळ्यात शिरले, तर ते लांडग्याने मेंढरांत शिरावे तसेच समजावे.

शास्त्राच्या ग्रंथांतील मराठी नावे

या माशांचे शास्त्रीय वर्गीकरण करणाऱ्यांनी स्थानिक लोकांकडून नावे घेतली, हा भाग विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील आपला ग्रंथ 1822 मध्ये प्रसिद्ध केला. रोहिटा, कटला, मृगाला, कलबासू, मागूर ही जातिनामे त्यांनी देशी बोलींतूनच घेतली. पुढे मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतील माशांची वर्णने 1839 च्या सुमारास प्रसिद्ध केली. खुदरी, कोळस, मुसळा, मळ्या, शिंगाळा अशी दख्खनच्या मासेमारांच्या तोंडची नावे त्यांनी लॅटिन वळणाने शास्त्रात कायम केली. खुदरी महसीराचे वर्णन तर पुण्याजवळील मुळा-मुठेच्या पाण्यातील माशावरून झाले. नंतर फ्रान्सिस डे यांचा भारतीय माशांवरील मोठा ग्रंथ 1875 ते 1878 या काळात निघाला.

ज्या भोई-कोळ्यांनी माशास नाव दिले, त्यांनी त्याचे वास्तव्य, ऋतू व खाणे आधीच पारखलेले होते. म्हणून नदीकाठच्या अनुभवी मासेमारास माशाचे नाव व सवयी विचारणे, ही वर्गीकरणाची पहिली पायरी होय.

हे शास्त्र अद्यापही थांबलेले नाही. आपल्या देशी मागुराचे नाव दीर्घकाळ जावा बेटावरील माशाच्या नावाबरोबर एक समजले जात होते. अलीकडील अभ्यासानंतर हॅमिल्टन यांनी दिलेले ‘मागूर’ हेच जातिनाम त्यास पुन्हा लावले जाऊ लागले आहे. कटल्यास कोणत्या प्रजातीत घालावे, याविषयीही तज्ज्ञांत मतभेद आहेत.

सातपुड्याचा वाटा

अमळनेरच्या उत्तरेस तापीपलीकडे सातपुड्याची रांग आहे. तेथील ओढ्यांचे पाणी तापीस मिळते. या रांगेचे नाव मत्स्यशास्त्रात एका प्रसिद्ध मताशी जोडलेले आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक झालेले डॉ. सुंदरलाल होरा यांनी 1940 च्या दशकात असे प्रतिपादन केले की, पूर्व हिमालय व मलाया या बाजूंचे, जोरदार प्रवाहात दगडास चिकटून राहणारे मासे एके काळी सातपुड्याच्या ओढ्यांवाटे पश्चिमेकडे सरकत सह्याद्रीपर्यंत पोहोचले असावेत. त्या माशांत कार्पांच्या गणातील चपट्या अंगाचे मासे प्रमुख होते. पुढील अभ्यासकांनी या मतास अनेक हरकती घेतल्या. तथापि, ओढ्यातील बोटभर मासा डोंगर-नद्यांचा इतिहास सांगू शकतो, ही गोष्ट या वादाने सर्वांस पटली. असे मासे स्वच्छ, थंड व वाहत्या पाण्यातच टिकतात. ओढ्यात वाळूचा अतिरेकी उपसा झाला वा विषारी औषध टाकून मासेमारी झाली, तर सर्वांत आधी तेच नाहीसे होतात.

बीज ओळखण्याचा प्रश्न

कटला, रोहू व मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात आपोआप अंडी घालीत नाहीत. त्यांस पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे पूर्वी त्यांचे बीज पावसाळ्यात मुख्यतः उत्तरेच्या व पूर्वेच्या नद्यांतून जमवून दूरवर पाठविले जाई. नदीतून गोळा केलेल्या त्या बीजात शिवड्यासारख्या शिकारी माशांची पिल्लेही मिसळलेली असत. ज्यास पिल्लांची ओळख नव्हती, त्याने पैसे देऊन शत्रूच घरी आणला असे होई.

ही अडचण 10 जुलै 1957 रोजी दूर होण्यास प्रारंभ झाला. ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या डोक्यातील पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून प्रमुख कार्पांचे प्रजनन यशस्वी केले. त्या स्मरणार्थ 10 जुलै हा दिवस देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आता बीज केंद्रांत शुद्ध जातीचे बीज तयार करता येते. मात्र केंद्रात नर-मादींची निवड काळजीपूर्वक न झाल्यास दोन जातींचा संकर होतो, आणि विक्रीच्या वेळी वेगवेगळ्या जातींची सरमिसळ होण्याचाही संभव असतो. म्हणून बोटुकली घेताना थोडी बोटुकली पांढऱ्या भांड्यात पाण्यासह घेऊन पुढील खुणा पाहाव्यात :

1. कटला : डोके शरीराच्या मानाने मोठे, तोंड वर वळलेले, मिशा नाहीत, शेपटीच्या बुडाशी डाग नाही.
2. रोहू : ओठ झालरीचे, शेपटीच्या बुडाशी काळसर पट्टा.
3. मृगळ : अंग सडपातळ, ओठ पातळ, शेपटीच्या बुडाशी चौकटीच्या पत्त्यावरील खुणेसारखा काळा ठिपका.
4. सायप्रिनस : मिशांच्या दोन जोड्या, पाठीवरील पर लांबलचक.
5. खवले नसलेले व लांब मिशांचे कोणतेही पिलू : मार्जारमीन. कार्पांच्या तळ्यात त्यास स्थान नाही.

तळ्यात कोणास सोडावे

तीस मीटर लांब व तीस मीटर रुंद अशा शेततळ्याचे क्षेत्र नऊ गुंठ्यांच्या आसपास, म्हणजे 0.09 हेक्टर भरते. हेक्टरी 5,000 बोटुकली हे प्रमाण धरल्यास त्यात 450 बोटुकली सोडावीत. कटला 4, रोहू 3 व मृगळ 3 या प्रमाणाने कटला 180, रोहू 135 व मृगळ 135 असा हिशेब येतो. अमळनेर परिसरात शेततळ्यातील पाणी अनेकदा उन्हाळ्यापूर्वीच खाली जाते. म्हणून मत्स्यजिरे न सोडता वाढलेली बोटुकली सोडणेच हितावह ठरते.

तळे मातीचे व जुने असेल, तर त्यात आधीपासून शिवडा, मरळ वा मागूर आहेत काय, हे जाळे ओढून पाहावे. मरळ वेगळ्या परिवाराचा असला तरी तोही शिकारीच आहे. पाणी पूर्ण काढता येत नसल्यास मोहाची पेंड हेक्टरी 2,500 किलो, एक मीटर खोलीस, या प्रमाणाने टाकतात. तिच्या विषाचा परिणाम ओसरण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. त्यानंतरच बोटुकली सोडावीत. मोहाची पेंड पुढे खत म्हणूनही कामी येते. तिचा वापर वाहत्या ओढ्यात अगर नदीत कदापि करू नये.

परदेशी कार्पांविषयी विवेक हवा. चंदेरा म्हणून ओळखला जाणारा कार्प व गवत्या कार्प हे 1959 मध्ये भारतात आणले गेले. पहिला सूक्ष्म वनस्पती खातो व दुसरा पाणगवत खातो. सायप्रिनस साठलेल्या पाण्यातही अंडी घालतो. त्यामुळे त्याची संख्या बेसुमार वाढते व सर्वच मासे खुरटे राहतात. तळ उकरण्याची सवय असल्याने मातीच्या बांधासही तो धोका करतो.

बंदी असलेला मागूर

वर्गीकरणातील अज्ञानाचे सर्वांत महाग उदाहरण म्हणजे बाजारात ‘थाई मागूर’ या नावाने ओळखला जाणारा मासा. तो मूळचा आफ्रिकेतील मार्जारमीन असून देशी मागुराचा आप्त आहे. मिशा, गुळगुळीत अंग व हवेत श्वास घेण्याची शक्ती ही दोघांत सारखीच. लहानपणी तर त्यांत फरक करणे जाणकारासही कठीण जाते. परंतु देशी मागूर बेताच्या आकाराचा राहतो, तर हा परदेशी मासा मीटरभर लांबीहूनही वाढू शकतो. तो अतिशय खादाड असून नदीत शिरल्यास देशी माशांचा फडशा पाडतो. केंद्र शासनाने 2000 मध्ये त्याच्या पालनावर बंदी घातली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही 2019 मध्ये याविषयी कडक भूमिका घेतली आणि महाराष्ट्रात अशा तळ्यांवर कारवाया झाल्या.

‘लवकर वाढणारा मागूर’ म्हणून कोणी स्वस्तात बीज देऊ लागला, तर शेतकऱ्याने सावध व्हावे. बीज शासकीय अथवा मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्यावे, पावतीवर जातीचे नाव लिहून घ्यावे व शंका आल्यास जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयास नमुना दाखवावा. शेततळ्याच्या सांडव्यास बारीक जाळी बसवावी. एका अतिवृष्टीत तळे फुटले, तर त्यातील मासा नाल्यात, नाल्यातून बोरीत व बोरीतून तापीत जातो. मग त्यास परत आणणे कोणाच्याही हाती राहत नाही.

कूळ जाणणारा धनी

सातशे चोवीस किलोमीटर लांबीच्या तापीवर उकाई, हतनूर यांसारखी धरणे झाली. पाणी अडले, शेतीस लाभ झाला. परंतु प्रवाहाबरोबर वर-खाली फिरणाऱ्या महसीरासारख्या माशांच्या वाटाही अडल्या. वाहत्या पाण्याचे मासे कमी होऊन साठलेल्या पाण्यात टिकणारे मासे वाढतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे. अशा काळात उरलेल्या देशी जाती ओळखणे व अंडी घालण्याच्या पावसाळी दिवसांत अंड्यांनी भरलेल्या माद्यांना जाळ्यातून सोडून देणे, ही नदीकाठच्या प्रत्येक गावाची जबाबदारी आहे.

यासाठी मोठी विद्या लागत नाही. पुढच्या खेपेस पाटीतला मासा हाती येईल, तेव्हा चार गोष्टी पाहाव्यात : खवले आहेत की नाहीत, मिशा किती, तोंड कोणीकडे वळलेले आणि परांत काटा आहे की नाही. एवढ्यावरून त्याचे कूळ बहुधा कळते. आणि कूळ कळले की त्याचे खाणे, राहणे व मोलही कळते. शेतात पेरण्यापूर्वी शेतकरी बियाणे मुठीत घेऊन पारखतो. पाण्यात सोडण्यापूर्वी मासाही तसाच पारखावा.